घरात जमणारी मंडळी

कऱ्हाड ओलांडून कोल्हापूरच्या दिशेनं निघालं की लगेच मलकापूर लागतं. हे बुलढाण्यातलं मलकापूर नव्हे आणि शाहूवाडीतलंही नव्हे. हे सातारा जिल्ह्यातलं, कऱ्हाडला खेटून वाढलेलं. मधून पुणे–बंगळूर महामार्ग, एका अंगाला कृष्णा हॉस्पिटल, वर आगाशिवाचा डोंगर. नळाला चोवीस तास पाणी देणारं छोटं गाव म्हणून त्याचं नाव राज्यभर झालं. दवाखान्यातली नोकरी, कॉलेज, महामार्गावरचा धंदा यांपायी बाहेरून आलेली पुष्कळ माणसं इथं भाड्याच्या दोन खोल्यांत संसार मांडतात. त्यांत एखादं ख्रिस्ती कुटुंब असलं, तर रविवारी त्याच्यापुढे प्रश्न असतो, उपासनेला जायचं कुठं? मिशनऱ्यांनी बांधलेली जुनी, मोठी देवळं त्यांची ठाणी होती तिथं, म्हणजे साताऱ्यात, वाईला, सांगली-मिरजेला, कोल्हापूरला. थकलेली सासू आणि दोन मुलं घेऊन दर रविवारी एसटीनं तिथवर जाणं जमत नाही. मग कुणाचं तरी घर उघडतं.

अशा घरातली रविवारची सकाळ कुठल्याही गावात साधारण सारखीच असते. बाहेरच्या खोलीतला पलंग भिंतीला टेकवून उभा करतात, टीव्हीवर कापड टाकतात, सतरंजी अंथरतात. दारातला चपलांचा ढीग वाढत वाढत जिन्यापर्यंत पोचतो. पंधरा-वीस माणसं आली की खोली भरली. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, मुलं जागा मिळेल तिथं. ढोलकी असते, खंजिरी असते, कुणाच्या हातात टाळ असतात. गाणी बहुतेकांना पाठ. मग एकजण बायबलमधला उतारा वाचतो, दुसरा त्यावर बोलतो, आणि त्यानंतर ज्याला ‘साक्ष’ म्हणतात ती सुरू होते. आठवड्यात काय घडलं, कुणाची शुगर उतरली, कुणाचा रुसून गेलेला मुलगा घरी परतला, कुणाला अजून काम नाही, हे सगळं तिथं सांगितलं जातं. सांगणारी कधी रडते, आणि शेजारी बसलेली बाई तिच्या पाठीवर हात ठेवते.

प्रभुभोजनाचा रविवार असला तर तयारी आदल्या रात्रीपासून. काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, सकाळी त्याच पाण्यात उकळायच्या, कुस्करायच्या आणि फडक्यातून गाळून घ्यायच्या. तासगावचा द्राक्षांचा मुलूख जवळच, त्यामुळे हंगामात ताज्या द्राक्षांचाही रस निघतो. स्टीलच्या ताटात छोटे पेले, शेजारी पावाचे किंवा चपातीचे तुकडे. हे सगळं करणारी बहुधा त्या घरची बाई. जुन्या देवळात हीच भाकर आणि हाच रस पाळकसाहेबांच्या हातात, दुरून दिसतो. इथं तो ओट्यावर तयार होताना मुलं पाहतात. घरातल्या उपासनेचं निम्मं मर्म या एवढ्या गोष्टीत आहे, असं मला वाटतं.

लोक स्वतः याला घरची प्रार्थना, संगती किंवा फेलोशिप म्हणतात. इंग्रजीतून आलेलं ‘हाउस चर्च’ हे नाव अभ्यासकांच्या तोंडी जास्त. पण खरं पाहिलं तर मराठीला नव्या नावाची गरजच नव्हती. ग्रीक नव्या करारात ज्या शब्दाचा अर्थ ‘बोलावून एकत्र आणलेली माणसं’ असा होतो, त्याला मराठी बायबलनं फार पूर्वीच ‘मंडळी’ हा शब्द योजला. मराठी माणूस मंडळी म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर इमारत येत नाही. ‘मंडळी जेवायला बसली’, ‘घरची मंडळी गावाला गेली’, ‘या मंडळी’. हा शब्द घरातला आहे, माणसांचा आहे. इमारतीसाठी देऊळ, मंदिर, चर्च हे शब्द निराळे. पुढे बोलण्याच्या ओघात चर्च म्हणजेच मंडळी असं समीकरण झालं आणि मंडळीला छप्पर, घंटा, कंपाउंड, विश्वस्त हे सगळं चिकटलं. घरात जमणारी माणसं नकळत हा शब्द पुन्हा मूळ जागी आणून ठेवतात.

पहिल्या शतकात ख्रिस्ती लोकांना दुसरी जागाच नव्हती. पौलानं लिहिलेली पत्रं वाचताना हे पानोपानी जाणवतं. रोममध्ये प्रिस्का आणि अक्विला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याच्या घरी मंडळी जमत होती. फिलिप्पैत जांभळं कापड विकणाऱ्या लुदियेचं घर होतं. नुंफा नावाच्या बाईच्या घरच्या मंडळीला पौल सलाम कळवतो. फिलेमोनाला लिहिलेलं छोटं पत्र तर घरच्याच भांडणाचं आहे. पळून गेलेला गुलाम भाऊ म्हणून परत घे, अशी विनंती त्यात आहे. आणि ते पत्र एकट्या फिलेमोनाला नाही, त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही उद्देशून आहे. ज्या घरात गुलाम राबत होता, त्याच घरात सगळ्यांसमोर हे पत्र वाचलं गेलं असणार. मोठ्या देवळात असा प्रश्न कुणाच्या तरी घरचा म्हणून बाजूला ठेवता आला असता. इथं ती सोय नव्हती.

असं एक घर प्रत्यक्ष सापडलेलंही आहे. आजच्या सीरियात, फरात नदीच्या काठी दुरा-युरोपोस नावाचं रोमन ठाणं होतं. इ.स. २५६ च्या सुमारास ससानी इराण्यांनी त्याला वेढा घातला. तटबंदी बळकट करण्यासाठी आतल्या सैनिकांनी तटालगतच्या इमारती मातीनं भरून टाकल्या, आणि त्या मातीनंच त्या जपल्या. १९३१-३२ च्या सुमारास अमेरिकन आणि फ्रेंच उत्खननकारांना तिथं एक साधं राहतं घर मिळालं. मधे चौक, भोवती खोल्या. आपल्याकडच्या लहानशा वाड्यासारखाच आराखडा. दोन खोल्यांमधली भिंत काढून साठ-सत्तर माणसं बसतील एवढं दालन केलेलं, आणि एका कोपऱ्यातल्या खोलीत बाप्तिस्म्यासाठी कुंड. त्या खोलीच्या भिंतींवर चित्रं होती. मेंढी खांद्यावर घेतलेला मेंढपाळ, खाट उचलून चालणारा बरा झालेला पक्षाघाती, पाण्यावरून चालणारा येशू, कबरीकडे निघालेल्या बायका. रस्त्यावरून पाहिलं तर मात्र ते इतरांसारखंच एक घर.

इ.स. ३१३ मध्ये रोमन साम्राज्यानं ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. मग राजाश्रय आला, सरकारी दरबाराच्या दालनांच्या धर्तीवर मोठ्या बासिलिका उभ्या राहिल्या आणि घरातली मंडळी मागे पडली. पण ती ओढ मेली नाही. १६७० मध्ये फ्रँकफुर्टच्या श्पेनर या पाळकानं आपल्या घरी आठवड्याला लहान बैठका सुरू केल्या. त्यातून उभ्या राहिलेल्या भक्तिवादी चळवळीतलेच झीगनबाल्ग १७०६ मध्ये तरंगमबाडीला उतरले आणि भारतातलं पहिलं प्रॉटेस्टंट मिशन सुरू झालं. चीनमध्ये विसाव्या शतकात सरकारी मान्यतेच्या चर्चबाहेर लाखो लोक घराघरांत जमत राहिले, धरपकड होऊनही. जगाचा हा इतिहास मोठा आहे. आपल्याला पाहायचं आहे ते जवळचं.

घरात चार माणसं जमवून देवाचं नाव घेण्याची सवय मराठी मुलखाला ख्रिस्ती लोकांनी लावलेली नाही. एकादशीला कुणाच्या तरी ओसरीवर बसणारं भजनी मंडळ ही आपल्याकडची शेकडो वर्षांची रीत. वारकऱ्याला पंढरपूर लागतं, पण रोजच्या भजनाला पुजारी लागत नाही. एकोणिसाव्या शतकात तर मुंबई-पुण्यातले सुधारक घरांतूनच जमत. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंगांनी मुंबईत काढलेली परमहंस मंडळी गुप्तपणे घरांत भरे. तिथं येणाऱ्यानं जातिभेद सोडल्याची खूण म्हणून पाववाल्याच्या हातचा पाव खायचा असे. नावही मंडळीच. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटतील म्हणून घबराट उडाली आणि मंडळी मोडली. त्याच मंडळीत वावरलेले बाबा पदमनजी १८५४ मध्ये बेळगावला ख्रिस्ती झाले होते. ३१ मार्च १८६७ ला प्रार्थना समाजाची स्थापना झाली, तीही दादोबांचे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी. पुढे १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि लग्नासारखं कार्य भटाशिवाय, आपल्याच दारात लावण्याची चाल पाडली. सातारा जिल्ह्यात या समाजानं खोल मूळ धरलं. तेव्हा मध्यस्थाशिवाय, आपल्या अंगणात धर्म आणणं ही इथल्या मातीला परकी गोष्ट नव्हती.

परकी होती ती मिशनची मांडणी. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला त्यांचं ठाणं झालं, आणि त्या शतकाच्या मध्यापासून सातारा त्यांच्या कामात आला. कोल्हापूरला १८५२ मध्ये वाइल्डर आले; मिरजेला वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये इस्पितळ उभं केलं. या मंडळींनी शाळा दिल्या, दवाखाने दिले, ज्यांना कुणी वर्गात बसू देत नव्हतं त्यांच्या हातात पाटी दिली. ते ऋण कुणी नाकारू नये. पण ख्रिस्ती होणाऱ्या माणसाचं पुढं काय व्हायचं? घरच्यांनी दार लावलं की तो मिशनच्या आवारात येई. तिथंच राहणं, तिथंच नोकरी, तिथंच चर्च. पगार देणारा आणि धर्म सांगणारा एकच. गाणी इंग्रजी चालींवर, भाषांतरित. बाहेरच्या गावाच्या नजरेत तो साहेबाचा माणूस झाला. श्रद्धेपायी त्याचं घर सुटलं होतं, आणि मिशनच्या आवारात त्याला निवारा मिळाला तरी ते घर परत मिळालं नाही.

हे सगळं ज्यानं स्वतःच्या अंगावर सोसलं, त्यानंच साताऱ्यात याला उत्तर शोधायचा प्रयत्न केला. नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. कवी, संस्कृतात मुरलेले, एका जागी न टिकणारे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांची एका युरोपियन प्रवाशाशी गाठ पडली. बोलणं काव्यावरून धर्मावर गेलं. उतरताना त्यानं टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. पुस्तक वाचायचं असा शब्द टिळकांनी दिला होता, म्हणून ते वाचलं. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले ते कायमचे. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या साऱ्यात देऊळ कुठं होतं? रेल्वेचा डबा होता, एक अनोळखी माणूस होता आणि एक पुस्तक होतं.

बाप्तिस्म्याच्या दिवशी मात्र त्यांचं घर गेलं. पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत, मुलगा दत्तू त्यांच्याजवळ. काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हाही त्या आपलं सोवळं सांभाळून, वेगळं शिजवून राहत. एका छपराखाली दोन धर्म, दोन चुली. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. जात माणसानं केली की देवानं, या प्रश्नाशी लक्ष्मीबाई स्वतःच झगडल्या, स्वतःच सोवळं सोडलं, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकाला ही कहाणी ठाऊक आहे. पण घरच्या मंडळीच्या संदर्भात ती पुन्हा वाचावी. एका बाईचं धर्मांतर प्रवचनाच्या व्यासपीठासमोर न होता स्वयंपाकघरात, घागरीपाशी झालं. आणि त्यानंतर त्या घराचं दार जे उघडलं ते बंद झालंच नाही. नगरला टिळकांच्या घरी अनाथ मुलं वाढली, विद्यार्थी राहिले, बालकवी ठोंबरे राहिले. त्या घराला कुणी चर्च म्हटलं नसेल, पण पहिल्या शतकातल्या माणसाला ते ओळखू आलं असतं.

टिळकांनी गाणीही घरी आणली. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती; टिळकांनी अभंग, ओवी, भजन हीच उपासनेची भाषा केली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना होती. मराठी चर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात त्यांची कितीतरी पदं आहेत. सतरंजीवर बसून, ढोलकी-टाळांवर म्हणता येईल असं हे भांडार. ऑर्गनसाठी इमारत लागते. टाळांना दोन हात पुरतात. घरात जमणाऱ्या आजच्या मंडळीचं हे सर्वांत मोठं भांडवल आहे, मग ते कुणाचं देणं आहे हे गाणाऱ्याला ठाऊक असो वा नसो.

१९१७ मध्ये, पंचावन्न वर्षांचे असताना, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाचं संपादन ते १९१२ पासून पाहत होते, ते चालू ठेवलं. त्यांनी आपण संन्यासी झाल्याचं जाहीर केलं, पण संसार टाकला नाही. सोडली ती पगाराची आणि हुकमाची बांधिलकी. आणि साताऱ्याला येऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. साताऱ्यात दरबार हा शब्द उच्चारला की १८४८ मध्ये इंग्रजांनी खालसा केलेली छत्रपतींची गादी ऐकणाऱ्याला आठवणारच. टिळकांचा दरबार मात्र कुणालाही खुला होता. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचं ते बंधुत्व. त्यात बाप्तिस्मा घेतलेले चालतील आणि न घेतलेलेही. या देशाच्या माणसानं या देशाचा राहून, आपल्या भाषेत, आपल्या रीतीनं ख्रिस्ताच्या मागे जावं, ही त्यामागची तळमळ.

‘न घेतलेलेही’ हे दोन शब्द किती धाडसाचे होते, ते समजून घेतलं पाहिजे. चर्चच्या दृष्टीनं बाप्तिस्मा हा उंबरठा. त्याच्या आत मंडळी, बाहेर जग. गावाच्या दृष्टीनंही तोच उंबरठा, फक्त उलट बाजूनं. बाप्तिस्मा झाला की माणूस जातीतून, भाऊबंदकीतून, वाटणीतून, लग्नसंबंधांतून उठला. आतले आणि बाहेरचे दोघंही एकाच रेषेवर पहारा देत होते. ती रेषा ओलांडताना बायको, मूल आणि घर गमावण्याची किंमत टिळकांनी मोजली होती. बावीस वर्षांनी त्यांनी अशी जागा उभी करायचं ठरवलं, जिथं येण्यासाठी कुणाला घर सोडावं लागणार नाही. अनेक मिशनऱ्यांना हे पटलं नाही. बाप्तिस्मा सोडला तर ख्रिस्ती राहण्याला अर्थ काय, हा त्यांचा प्रश्न साधा नव्हता. ज्या गावकुसाबाहेरच्या माणसाला बाप्तिस्म्यानं पहिल्यांदा नवं नाव आणि माणूसपण दिलं, त्याला तो ऐच्छिक आहे असं सांगणं म्हणजे त्याच्या मिळकतीची किंमत कमी करणं होतं. उच्च जातीतून आलेल्या माणसाचं दुःख आणि दलित ख्रिस्ती माणसाची कमाई, ही दोन्ही एकाच दरबारात कशी मांडायची? टिळकांना त्याचं उत्तर शोधायला वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ ला मुंबईत त्यांचा मृत्यू झाला. दरबार जेमतेम दोन वर्षांचा होता. तो त्यांच्यामागे टिकला नाही.

कल्पना मात्र फिरत राहिली. टिळकांच्या विचारानं भारलेल्या जॅक विन्स्लो या इंग्रज पाळकानं १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला. आश्रमाचं जीवन, भारतीय अन्न, भारतीय वेश. टिळकांचं चरित्रही त्यानंच लिहिलं. त्या संघात १९२७ मध्ये आलेला एक तरुण म्हणजे व्हेरिअर एल्विन, पुढे आदिवासींचा अभ्यासक म्हणून गाजलेला. १९३८ मध्ये मद्रासच्या काही ख्रिस्ती विचारवंतांनी, चेंचय्या त्यांत प्रमुख, चर्च नावाच्या आयात संस्थेची गरजच तपासून पाहिली. मद्रासलाच १९४१ मध्ये बख्त सिंग यांनी परदेशी मिशनच्या पैशाशिवाय चालणारी, जमिनीवर बसून उपासना करणारी आणि एकत्र जेवणारी मंडळी उभी केली. तिच्या शाखा देशभर पसरल्या. आंध्रात सुब्बा राव यांनी तर बाप्तिस्मा आणि चर्च दोन्ही बाजूला सारून ख्रिस्तभक्ती शिकवली. ही सगळी माणसं एकमेकांशी सहमत नव्हती. ‘ख्रिस्त हवा, पण त्यासाठी घर का सुटावं?’ हा प्रश्न मात्र सगळ्यांनी विचारला.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला आणखी एक बाजू आली, ती कायद्याची. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो मिळत नाही. म्हणजे शेजारच्याच घरातला चुलतभाऊ शिष्यवृत्तीला पात्र, आणि हा नाही, मग गावात दोघांना मिळणारी वागणूक सारखीच असली तरी. त्यामुळे दर रविवारी येणारा, गाणारा, प्रार्थना करणारा एखादा माणूस बाप्तिस्म्याचं नाव काढलं की गप्प होतो. त्याला ढोंगी म्हणणं सोपं आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. ज्या कागदावर मुलीची शाळा अवलंबून आहे, तो कागद त्यानं का फाडावा? नोंदवही नसलेली घरातली मंडळी त्याला विचारत नाही आणि काढूनही टाकत नाही. टिळकांचे ‘न घेतलेलेही’ आज सतरंजीवर बसलेले दिसतात, ते असे.

घरच्या मंडळीकडे माणसं वळतात, त्याची बाकीची कारणं साधी आहेत. भाडं लागत नाही. विश्वस्त मंडळ नाही, त्यामुळे जमिनीचे दावे नाहीत. जुन्या मिशनच्या मोक्याच्या जागांवरून किती मंडळ्या वर्षानुवर्षं कोर्टात भांडल्या, हे मराठी ख्रिस्ती माणसाला सांगावं लागत नाही. बाईला बोलायला मिळतं. देवळात जिला चाळीस वर्षांत वेदीपाशी उभं राहायला मिळालं नाही, ती घरी उपासना चालवते. आणि एखादा दिसला नाही तर संध्याकाळी दार वाजतं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, देवळांना कुलपं लागली, तेव्हा मोठ्या चर्चमधली कुटुंबंही घरात सतरंजी घालून बसली. वडलांनी वचन वाचलं, मुलांनी मोबाइलवरून गाणं लावलं. तोवर घरच्या प्रार्थनेकडे जरा खालच्या नजरेनं पाहणाऱ्या कितीतरी जणांनी तेव्हा पहिल्यांदा आपल्याच घरात प्रभुभोजन घेतलं.

अडचणी घराच्या आतल्याही आहेत. विश्वस्त नाहीत म्हणजे हिशोब विचारणारंही कुणी नाही. दशांशाचा, म्हणजे कमाईच्या दहाव्या वाट्याचा पैसा एकाच माणसाच्या हातात जातो, आणि तो माणूस भला असला तर ठीक. त्याच्या शब्दाला आव्हान देणारी सभा नसते, वरचा बिशप नसतो. औषध बंद करा, नुसती प्रार्थना करा, असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला थांबवायला त्या खोलीत कुणी नसतं. ज्या मिशनांनी या भागात इस्पितळं उभारली, त्यांच्या वारशाला असं बोलणं सर्वस्वी विरोधी आहे, आणि ते खपवून घेऊ नये. भिंतीपलीकडचे शेजारीही आहेत. रविवारी आवाज वाढला, अनोळखी माणसं जिन्यात दिसू लागली की संशय येतो. धर्मांतर चाललंय का, पैसे वाटतात का? संविधानाचं पंचविसावं कलम धर्म मानण्याचं, पाळण्याचं आणि सांगण्याचं स्वातंत्र्य देतं. पण शेजारधर्म कलमानं राखला जात नाही. ढोलकीचा आवाज जरा बेतानं ठेवणं, शेजाऱ्याला नाताळाचा फराळ देणं, तो आजारी पडला तर रात्री दवाखान्यात नेणं, हे करणाऱ्या घरांना फारसा त्रास होत नाही, हेही तितकंच खरं.

घरच्या मंडळीच्या मर्यादा खऱ्या अर्थानं कळतात त्या लग्नात आणि मरणात. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा. त्यानुसार लग्न लावण्याचा अधिकार ठरावीक धर्मगुरूंना, परवाना मिळालेल्या पाळकाला किंवा विवाह निबंधकाला. घरी प्रार्थना चालवणाऱ्या माणसाकडे बहुधा तो परवाना नसतो. मग मुलीचं लग्न ठरलं की आईवडील जुन्या चर्चच्या कार्यालयात जातात; तिथं विचारतात, तुमचं नाव कुठल्या मंडळीच्या वहीत आहे? त्या प्रश्नाला उत्तर नसतं.

मरणाचं त्याहून अवघड. दफनभूमी जुन्या मंडळीची, मिशनच्या काळापासूनची. घरातला म्हातारा रात्री गेला की सकाळी दोघं-तिघं पाळकसाहेबांच्या दारात उभे राहतात. काही ठिकाणी नकार मिळतो, वर्गणीची थकबाकी काढली जाते, आणि ते ऐकताना मान खाली जाते. पण अनेक ठिकाणी पाळक कोट चढवून बाहेर पडतात, खड्डा खणायला माणसं पाठवतात. मग त्या मातीपाशी दोन्हीकडची माणसं उभी राहतात. एका बाजूला देवळातली, दुसऱ्या बाजूला घरातली. वर्षभर एकमेकांच्या उपासनेला न गेलेली. कुणीतरी टिळकांचं पद सुरू करतं. दोन्हीकडच्यांना ते पाठ असतं. ढोलकी नसते, ऑर्गन नसतो, नुसता गळा.

टिळकांनी मात्र आपल्या देहाचं दहन व्हावं असं सांगून ठेवलं होतं, आणि मे १९१९ मध्ये मुंबईत तसंच झालं. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तावरचं महाकाव्य त्यांच्या हातून अर्धवट राहिलं होतं. अक्षरओळखीपासून सगळं लग्नानंतर शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे अध्याय लिहायला घेतले.